आमटी आणि डावा हात

2015च्या डिसेंबरात चेन्नईतली आमची वेलचेरी बुडाली, तेव्हा पियानो वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. दमट हवेतून मात्र सुटका नाही. पट्ट्या फुगून अडकतात.

माझी पियानोची शिकवणी नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला. कुणाचा डावा हात मागे पडला की आमटी ढवळतानाही कळतं. परीक्षा आली की आया गुण विचारतात, बोटांची चौकशी कुणी करत नाही. याच शहरात संगीतकार इळैयराजा धनराज मास्तरांकडे शिकले, म्हटलं की पोरं ताठ बसतात. सासूबाईंचं टुमणं वेगळं: पेटी सोडून हे काय? त्यांना तंजावरचे सरफोजीराजे सांगते. मराठी दरबार, तरी पाश्चात्त्य वाद्यं हौसेनं वाजवून घेतली! त्या हसतात, पटत नाही.

उद्या शिकायला येणाऱ्या मुलीला मेट्रोनोम अजिबात खपत नाही. लावणारच आहे.