जलरंगांतले ग्रँट मेडिकल

भायखळ्याला उतरून जे. जे. च्या फाटकातून आत शिरणाऱ्या माणसाला इमारती न्याहाळण्याची उसंत नसते. हातात जेवणाचा डबा, खिशात औषधाची चिठ्ठी आणि डोळे वॉर्डाचा नंबर शोधीत असलेले. अशा माणसाने मान वर करून ग्रँट मेडिकल कॉलेजाची जुनी वास्तू पाहावी, ही अपेक्षा आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरानेच करावी!

एकोणिसाव्या शतकातले साहेब चित्रकार मात्र असल्या वास्तूंपुढे खुशाल तासन् तास बसत. त्यांच्या जलरंगांत आभाळ धुतल्यासारखे निर्मळ असते, पुढे मोकळे पटांगण आणि इमारतीची उंची कळावी म्हणून दोनचार पागोटेवाले. आतले कण्हणे त्या कागदावर उमटत नाही; भीती तर नाहीच नाही.

गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ साली दापोडीला वारले. त्यांचे स्मारक म्हणून मुंबईकरांनी वैद्यकीय विद्यालय काढायचे ठरविले. शेजारच्या रुग्णालयासाठी जमशेटजी जीजीभाईंनी लाखाची थैली मोकळी केली आणि १८४५ मध्ये कॉलेज सुरू झाले. त्याआधी, १८२६ ते १८३२ पर्यंत, देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा मुंबईत चालून बंद पडली होती. ती टिकती तर डॉक्टर आज आपल्याशी आपल्याच भाषेत बोलते, असे आम्हांला राहून राहून वाटते. असो.

इथे शिकायचे म्हणजे प्रेत फाडायचे. प्रेताला शिवले की डोक्यावरून पाणी घेणाऱ्या घरांतून मुले यायची होती! तरी ती आली. १८५१ मध्ये पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते. भाऊंनी गोरगरिबांना फुकट औषधे दिली, कुष्ठरोगावर उपाय शोधला आणि उरल्या वेळात शिलालेख वाचले. उरला वेळ त्यांना कुठून मिळे, कोण जाणे.

मग १८९६ चा प्लेग आला. मांडवीत तो प्रथम ओळखला तो याच कॉलेजात शिकलेल्या डॉ. व्हिएगस यांनी. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, या धास्तीने ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. त्याच दिवसांत ग्रँट मेडिकलमधल्या एका खोलीत आणि ओसरीत, जेमतेम तीनचार मदतनिसांनिशी, हाफकिन लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचली. महिना संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी दंड पुढे करून उभे राहिले, आणि १८९९ मध्ये ओसरीतली ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली.