जव्हार-मोखाडा : ज्येष्ठांसाठी एका दिवसाची रानवाट

उतारवयात माणसाचे जग एकदम लहान होत नाही, ते हळूहळू आकसत जाते. आधी गुडघे दुखू लागतात आणि पावले कमी होतात. पावले कमी झाली की घरातली मंडळी ‘येता का?’ असे विचारणे सोडून देतात. पुढे आपणच ‘आता आमचे काय फिरणे!’ असे म्हणू लागतो. यांपैकी पहिल्या कारणावर औषध असते. उरलेल्या दोहोंवर नसते. दवाखान्यात समोर बसलेल्या ज्येष्ठांना ‘शेवटचे झाड कधी निवांत पाहिलेत?’ असे विचारले, तर बरेच जण खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचेच नाव सांगतात.

म्हणून आज औषधांऐवजी एका वाटेविषयी लिहितो. ही वाट मोटारीने एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. डोंगर न चढता रान पाहता येईल अशी आहे. आणि मुंबई-ठाण्याच्या रहिवाशांचा तिच्याशी त्यांना वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

वाट आणि तिचा स्वभाव

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे दोन डोंगराळ तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि ते नव्या जिल्ह्यात आले. मुंबईहून अहमदाबाद महामार्गाने मनोरपर्यंत जावे आणि तेथून विक्रमगडमार्गे जव्हार गाठावे. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. नाशिककरांना त्र्यंबकेश्वर-मोखाडा ही वाट जवळची, सुमारे ऐंशी किलोमीटरची.

जव्हारची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर आहे. ‘डोंगरावर गेल्यावर श्वास लागेल का?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. एवढ्या उंचीवर हवा विरळ झाल्याचे शरीराला जाणवतही नाही. त्रास झालाच तर तो उंचीने होत नाही. वळणांनी, धुळीने, उपाशी राहिल्याने किंवा पाणी कमी प्यायल्याने होतो. या चारही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

ऋतू निवडताना पावसाळ्याचा मोह टाळावा. जून ते सप्टेंबर या काळात हा प्रदेश विलक्षण देखणा दिसतो हे खरे. परंतु घाटात धुके असते, दगड निसरडे होतात आणि धबधब्यांवर सुट्टीच्या दिवशी मोठी गर्दी लोटते. आपल्यासाठी ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. फेब्रुवारी उलटताना पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, तेव्हा गाडीच्या काचेतूनही रान पाहावेसे वाटते. पुढे मोहाचा बहर येतो, पण तोवर ऊन कडक झालेले असते. शक्य असल्यास शनिवार-रविवार सोडून जावे.

काय पाहावे, काय सोडावे

जव्हार हे मुकणे राजघराण्याचे जुने संस्थान. चौदाव्या शतकात महादेव कोळी समाजातील जायबा मुकणे यांनी ते स्थापिले आणि १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. येथील नगरपालिका १९१८ सालची आहे. गावाबाहेर झाडीत राजघराण्याचा जयविलास राजवाडा उभा आहे. तो खासगी मालमत्ता आहे, त्यामुळे आत प्रवेश मिळेल की नाही हे आधी विचारून जावे. जवळच शिरपामाळ आहे. १६६४ मध्ये सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराजांचा येथे मुक्काम झाला आणि जव्हारच्या राजांनी त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला, अशी येथील परंपरा सांगते. त्यावरून माळाला हे नाव पडले.

गुडघ्यांच्या दृष्टीने सर्वांत सोयीची जागा म्हणजे गावालगतचा हनुमान पॉइंट. येथे मारुतीचे देऊळ आहे आणि समोर खोल दरी पसरलेली आहे. घडीची खुर्ची बरोबर न्यावी आणि तासभर नुसते बसावे. दाभोसा धबधबा जव्हारपासून साधारण वीस किलोमीटरवर आहे. लेंडी नदी तेथे सुमारे तीनशे फुटांवरून कोसळते. पावसाळ्यानंतर धार बारीक होते, पण दरीचे रूप तसेच राहते. तेथे वरूनच दर्शन घ्यावे, खाली उतरू नये. उतरताना शरीराचा भार गुडघ्यांवर अधिक पडतो, आणि ‘उतरलो तर खरे, आता चढायचे कसे?’ हा प्रश्न तळाशी पोहोचल्यावरच सुचतो. काळमांडवीसारखे चालत गाठायचे धबधबे तरुणांसाठी ठेवावेत.

मोखाड्याकडे वळलात तर खोडाळा, देवबांधचे गणेश मंदिर आणि सूर्यमाळचा थंड परिसर पाहता येतो. खोडाळ्यावरून विहीगावमार्गे कसाऱ्याला, म्हणजे मुंबई-नाशिक महामार्गाला येता येते. मात्र दाभोसा आणि सूर्यमाळ हे दोन्ही एकाच दिवसात बसवू नयेत. उतारवयातील सहलीचा एकच नियम सांगायचा तर तो असा : दोन ठिकाणे ठरवावीत आणि त्यांतले एक सोडून देण्याची तयारी ठेवावी.

रान ऐकावे कसे, पाहावे कसे

मोटार ही पक्षी पाहण्याची उत्तम मचाण आहे. माणूस दिसला की उडणारा पक्षी उभ्या गाडीकडे फारसे लक्ष देत नाही. रुंद कडेला गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे कोणी बोलू नये. तारेवर कोतवाल दिसेल, नीलपंख दिसेल; वर घिरट्या घालणारा सर्पगरुड शीळ घालील.

वयानुसार कानाची उंच पट्टी आधी जाते. त्यामुळे सूर्यपक्ष्यासारख्या चिमुकल्या पक्ष्यांचा बारीक आवाज आजोबांना ऐकू येत नाही, पण भारद्वाजाचा घुमणारा खर्जातला हुंकार स्पष्ट ऐकू येतो. नातवंडांनी बारीक आवाज सांगावेत, आजोबांनी खर्ज ओळखावा. दोघांचे मिळून एक पूर्ण रान होते. मोतीबिंदू असलेल्यांना सावलीतून एकदम उन्हात आल्यावर क्षणभर दिसेनासे होते. अशा वेळी तेथेच थांबावे, डोळे सरावले की मगच पाऊल टाकावे. टोपी आणि काठी बरोबर असावी. पायांत चप्पल नको, बंद बूट हवेत.

या परिसराला लागूनच तानसा अभयारण्य आहे. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. ते नामशेष झाले असे मानले जात असतानाच १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडले, आणि २०१४ मध्ये तानसाच्या जंगलातही दिसले. तुम्हाला ते एका दिवसात दिसेल अशी आशा धरू नये. परंतु महानगराच्या इतक्या जवळ असे काही जगते आहे, हे ठाऊक असले की साध्या सागाच्या रानाकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहतो.

दिवसाची आखणी आणि प्रकृती

सकाळी साडेसहाला निघावे, मनोरच्या आसपास नाश्ता करावा, साडेदहापर्यंत जव्हार गाठावे. दुपारी जेवण आणि तासभर आडवे पडणे अनिवार्य समजावे. साडेतीनला परतीस निघावे, म्हणजे वळणांचा रस्ता उजेडात मागे पडतो. येथील सूर्यास्ताचे ठिकाण प्रसिद्ध आहे. दरी धनुष्यासारखी दिसते म्हणून त्याला पूर्वी धनुकमळ म्हणत. तरीही मी सूर्यास्त वगळतो. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक व्यक्तींची अस्वस्थता नेमकी संध्याकाळी वाढते. अनोळखी जागा आणि सरता उजेड एकत्र आले की त्या घाबरतात, घरी जाण्याचा हट्ट धरतात. अशा व्यक्तीला सकाळचेच रान दाखवावे.

प्रवासाच्या दिवशी ज्येष्ठ मंडळी दोन गोष्टी गुपचूप करतात : पाणी पीत नाहीत आणि लघवीची गोळी टाळतात. कारण एकच, वाटेत शौचालय मिळेल की नाही ही धास्ती. पाणी तोडल्याने चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांना आमंत्रण मिळते. हृदयविकार असलेल्याने गोळी चुकवली तर दम वाढू शकतो. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. आणि काळजीवाहकांनो, शौचालयांचे थांबे निघण्यापूर्वीच ठरवा आणि ते मोठ्याने सांगा. एवढ्यानेच निम्मी धास्ती जाते.

दर तासा-सव्वा तासाने गाडी थांबवून चार पावले चालावे. बसल्या जागी घोटे वर-खाली करावेत, म्हणजे पायांतील रक्त साकळत नाही. उठताना आधी पाय बाहेर काढून अर्धा मिनिट बसावे, मग उभे राहावे. मळमळ होणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसून दूर पाहावे. उलटीच्या म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, कधी भ्रम होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मधुमेहींनी जेवणापूर्वीचे इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यावे. घाटात जेवणाची वेळ सहज तासाने पुढे जाते. खिशात साखर असावी. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असावी, डिकीतल्या पिशवीत नको. येथे मिळणारी नागलीची भाकरी आणि रानभाज्या जरूर खाव्यात. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र नागलीही धान्यच आहे, तिनेही साखर वाढते. भाकरी मोजूनच खावी.

जव्हारमध्ये शासकीय उपजिल्हा रुग्णालय आहे, मोखाड्यात ग्रामीण रुग्णालय आहे आणि १०८ ही रुग्णवाहिका सेवा आहे. आडवाटेवर मोबाइल बंद पडतो, म्हणून औषधांची यादी कागदावर लिहून बरोबर ठेवावी. सर्पदंश झाल्यास कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. तो अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठावे. अलीकडेच हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी, आडवे पडल्यावर धाप लागणाऱ्यांनी आणि नुकतीच औषधे बदललेल्यांनी ही सहल पुढे ढकलावी. रान कोठे जात नाही.

आणखी एक : जो गाडी चालवतो त्यानेच रुग्णही सांभाळावा, असे करू नये. काळजीवाहकालाही खिडकी मिळाली पाहिजे.

त्या अंगणातले ज्येष्ठ

मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे आहे. ते २०१४ मध्ये पूर्ण झाले. आपण गोळी गिळताना जो पेला उचलतो, त्यात या डोंगरांचा पाऊस असतो. तो येथे भरपूर पडतो. परंतु बेसाल्टचा कठीण खडक आणि तीव्र उतार त्याला थांबू देत नाहीत. त्यामुळे चैत्र-वैशाखात याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरींवरून पाणी आणताना दिसतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाचा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे, तो अजून संपलेला नाही.

दिवाळीनंतर येथील वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे कामासाठी वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आपण ज्या महिन्यांत जाणार आहोत, नेमक्या त्याच महिन्यांत अनेक घरांना कुलूप असते. उघड्या अंगणात बसलेली असतात ती म्हातारी माणसे, कधी सोबतीला एखादे लहान नातवंड. मुले शहराकडे गेली आहेत आणि आपण मागे उरलो आहोत, ही गोष्ट तुमच्यातल्या कित्येकांना समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणून तेथे पाहुण्यासारखे जावे. न विचारता कोणाची छायाचित्रे घेऊ नयेत. गाडीतून मुलांकडे गोळ्या-बिस्किटे फेकू नयेत. भाजी, नागली, काकड्या वाटेवर विकायला बसलेल्या आजीबाईंकडून घ्याव्यात आणि घासाघीस करू नये. घरातील उरलेली औषधे ‘गरिबांना उपयोगी पडतील’ म्हणून वाटून येऊ नये, तो उपकार घातक ठरतो. त्याऐवजी दोन मिनिटे थांबावे, ‘कसं आहे आजी, गुडघे काय म्हणतात?’ असे विचारावे. उत्तर ओळखीचे असेल. आपल्या गुडघ्यांनी जिने झिजवले, त्यांच्या गुडघ्यांनी विहिरीची वाट झिजवली.

काळजीवाहकांना एक विनंती. सहल संपल्यावर ‘दमलात का?’ एवढेच विचारू नका. ‘काय काय दिसलं?’ असे विचारा. त्या रात्री झोप लवकर लागेल. दुसऱ्या दिवशी पाय थोडे दुखतील. साध्या शेकाने ते उतरेल. आणि तिसऱ्या दिवशी ‘पुन्हा कधी जायचं?’ असा प्रश्न त्यांच्याकडूनच आला, तर त्या सहलीने आपले काम चोख केले असे खुशाल समजावे.