टी-शर्टवरचा बॉब मार्ले

पिंपरी कॅम्पात घासाघीस करून घेतलेला बॉब मार्लेचा टी-शर्ट मी दोन वर्षं मिरवला. कोणी विचारलं तर "रेगेवाला, जमैकाचा" एवढंच सांगायचो. खरं म्हणजे मला त्याचे केस आवडायचे!

या सुट्टीत चाकणच्या एका छोट्या कंपनीत ट्रेनिंगला होतो. प्रेस शॉपमध्ये. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये राहत नाही. तिथल्या जुन्या मशीनवर एक बटण लाकडी पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवलेलं. "त्याशिवाय टार्गेट निघत नाही, इंजिनियर साहेब," ऑपरेटर हसून म्हणाला. कंत्राटी पोरगा, माझ्याच वयाचा.

एका थर्ड शिफ्टला त्याची दोन बोटं गेली. सकाळी पाचर गायब! मोठ्या साहेबांनी विचारलं, "तू होतास ना? त्याचंच लक्ष नव्हतं, बरोबर?" मला सर्टिफिकेट हवं होतं. मी मान डोलावली.

रात्री होस्टेलवर रूममेटने नेमकं रेगे लावलेलं. म्हटलं, हा गातो तरी काय? त्याने सांगितलं आणि झोपच उडाली. मार्ले किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत वाढला. पोरवयात वेल्डिंग शिकला, पुढे अमेरिकेत क्रायस्लरच्या कारखान्यात राबला. फोर्कलिफ्टवरच्या रात्रपाळीचं 'नाइट शिफ्ट' हे गाणं त्यातूनच आलं. १९७३ मध्ये पीटर टॉशबरोबर केलेल्या 'गेट अप, स्टँड अप'च्या तर नावातच सगळं आलं. १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी तो गेला.

मग निगडीचा अण्णाभाऊ साठेंचा पुतळा आठवला. वाटेगावहून मुंबईला आलेला हा गिरणी कामगार. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढून डफाच्या थापेवर कामगारांना जागं करत फिरला. म्हणजे मार्ले माझ्या छातीवर, अण्णाभाऊ माझ्या बसच्या रस्त्यावर, आणि मी? खाली मान घालून उभा.

ट्रेनिंग रिपोर्टच्या 'सुरक्षितता' प्रकरणात मी त्या पाचरीचं स्केच काढलं. तारीख, शिफ्ट, सगळं लिहिलं. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "हे पान ठेवायचंय?"

"हो सर."

त्यांनी मुकाट्याने सही केली. एक झेरॉक्स त्या पोराला नेऊन दिली. भरपाईच्या वेळी चूक कोणाची, हाच प्रश्न येतो ना! डाव्या हाताने त्याने कागद घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला.

सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. टी-शर्ट मात्र पुन्हा घालायला लागलोय.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी