पिवळे पान

पिवळ्या रंगाशी आमचे वैर नाही. ज्या समाजात नवरीच्या अंगाला हळद लागल्यावाचून लग्न लागत नाही, भंडाऱ्याची उधळण झाल्यावाचून खंडोबाची यात्रा पुरी होत नाही, आणि देवाला नेसवावयाचे वस्त्रही पीतांबरच असावे लागते, त्या समाजात जन्मलेल्या माणसाने पिवळ्या रंगाचा धसका घ्यावा, हे कोणास खरेही वाटणार नाही. तथापि गेल्या दोन वर्षांत आम्ही तो घेतला. सकाळी उठून वर्तमानपत्राच्या आधी खिडकीतील कुंड्यांकडे पाहावे, आणि काल हिरवे असलेले एखादे पान आज पिवळे दिसले की चहा गोड लागू नये, अशी आमची अवस्था झाली होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पिवळ्या पानाची इतकी चिंता करावी, याचा आमच्या मित्रांनी सोयीचा अर्थ लावला. पिकले पान गळायचेच, ही म्हण आम्हांसही ठाऊक आहे. पण येथे प्रश्न पिकण्याचा नव्हता. पाने कोवळी असतानाच पिवळी पडत होती.

हकीकत अशी. केज तालुक्यातील एका खेड्यात आमचे वडिलार्जित घर होते, आणि त्याच्या परसात आईने लावलेली तांबडी गावठी जास्वंद होती. पाच पाकळ्यांची, साधी. तिचे एक फूल रोज गणपतीला जाई. आई जाऊन चार वर्षे झाल्यावर भाऊबंदांनी ते घर पाडून नवे बांधावयाचे ठरविले, आणि जास्वंद नेमकी नव्या भिंतीच्या रेषेत आली. आम्ही विरोध केला नाही. ज्याला त्या घरात राहावयास जायचे नाही, त्याने झाडासाठी इतरांची भिंत अडवू नये. आषाढातल्या एका रविवारी आम्ही तिच्या नऊ फांद्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि अंबाजोगाईस आणून आमच्या अभ्यासिकेच्या खिडकीत चिनी मातीच्या नऊ सुबक कुंड्यांत लावल्या. झाड पडले तरी झाड राहील, अशी त्यामागची कल्पना.

आठ दिवसांत पहिले पान पिवळे पडले. आम्ही पाणी घातले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पाने पिवळी पडली. आम्ही आणखी पाणी घातले. पंधरवड्याने पाणी पुरेसे नसावे असे वाटून मूठभर युरिया घातला. त्यासरशी पानांच्या कडा करपल्या. मग मुळे फुटली की नाही हे पाहण्यासाठी आम्ही एक-एक फांदी उपटून पाहू लागलो, आणि पाहून झाल्यावर पुन्हा खोचू लागलो. आमच्या मंडळींनी एकदा सुचविले, "अहो, जरा चार दिवस हात तरी लावू नका त्यांना." पण ज्याने तीस वर्षे वर्गात उत्तरे दिली आहेत, त्याला काही न करता बसणे जमत नाही. भाद्रपद संपेपर्यंत नवापैकी सहा फांद्या गेल्या.

आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक शिपाई आहेत. सारे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही म्हणतो. त्यांची तीन एकर शेती आहे, आणि ते अधूनमधून घरी येऊन बसतात. त्यांनी मेलेली एक कुंडी जवळ ओढली, मातीत दोन पेरांपर्यंत बोट घातले, ते बाहेर काढून हुंगले आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "सर, ही तहानेनं नाय मेली. बुडून मेली."

त्यांनी फांदी उपटून दाखविली. खालचे टोक काळे पडून मऊ झाले होते, आणि मातीला गटाराचा वास येत होता. कुंडी उलटी केली, तर तिच्या बुडाला भोकच नव्हते. दुकानदाराने ती दिवाणखान्यात ठेवण्यासाठी विकली होती, झाड लावण्यासाठी नव्हे. हा भेद आमच्या लक्षात आला नव्हता. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील सारी पोकळी पाण्याने भरली की मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळे समोर असलेले पाणीही पिऊ शकत नाहीत. मग पाण्यात उभे असलेले झाड तहानेल्या झाडासारखेच मान टाकते, आणि घरधनी पुन्हा तांब्या उचलतो. आमच्या फांद्यांना तर अजून मुळेही नव्हती. मुळे फुटेपर्यंत फांदीला साठवणीतल्या शिदोरीवर दिवस काढावे लागतात, आणि त्या काळात तिची खालची एक-दोन पाने पिवळी पडून गळणे हे पुष्कळदा रोगाचे लक्षणच नसते. म्हणून जाणते माळी छाटकलम लावताना खालची पाने आधीच काढून टाकतात आणि वरची अर्धी कापतात.

हे ऐकून आम्हांस जितके वाईट वाटले, तितकेच आश्चर्यही वाटले. आमचा जिल्हा दुष्काळाचा. आमच्या खेड्यापासून फार दूर नसलेले धनेगावचे मांजरा धरण 2016 साली कोरडे पडले, आणि त्या धरणावर जगणाऱ्या लातूर शहराला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात आम्ही टँकरच्या रांगेत उभे राहिलेलो आहोत. अशा प्रदेशातल्या माणसाच्या मनात मरण म्हणजे पाणी नसणे, हे समीकरण इतके पक्के बसलेले असते की, पाणी घालून कोणी मारले जाऊ शकते हे त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. आपल्याला ज्याचे दुःख माहीत असते, तेच दुःख आपण दुसऱ्याच्या ठायी पाहतो.

उरलेल्या तीन फांद्या मामांनी भोके असलेल्या साध्या मातीच्या कुंड्यांत, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून लावून दिल्या. त्या तगल्या. पुढच्या वर्षी त्या हातभर वाढल्या, तेव्हा आम्हांस एक भावनाप्रधान कल्पना सुचली. आईच्या झाडाला आईच्याच शेतातली माती घालावी, म्हणून गावाहून दोन पोती काळी माती मागविली आणि तिन्ही रोपे मोठ्या कुंड्यांत त्या मातीत हलविली. महिन्याभरात पुन्हा पिवळेपणा सुरू झाला.

या वेळी मात्र आम्ही तांब्याला हात लावला नाही, आधी पाहिले. मागच्या खेपेस पिवळेपणा खालून वर चढला होता, या खेपेस तो शेंड्यावर होता. खालची जुनी पाने गर्द हिरवी होती आणि वरची नवी कोवळी पाने पिवळी. त्यांतही शिरा हिरव्याच राहून मधला भाग तेवढा फिकटला होता, जणू कोणी पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने नदीचा नकाशा काढावा. मामांना दाखविताच ते म्हणाले, "हा केवडा. आमच्या उसावर पडतो तोच. हिराकस मारा, सर."

केवडा हा शब्द आम्हांस फुलाचा म्हणून ठाऊक होता. पिवळ्या पडलेल्या उसाला शेतकरी तेच नाव देतो, हे जन्माने शेतकरी असून आम्ही विसरलो होतो. बाकीचे आम्ही पुस्तकांतून मिळविले. मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात लोहाची वाण नाही. परंतु जेथे तिच्यात चुनखडी अधिक असते, तेथे ते लोह मुळांना घेता येणार नाही अशा रूपात बांधले जाते. कणग्या भरलेल्या आणि कोठाराची किल्ली हरवलेली, अशा घरातल्या उपवासासारखे ते आहे. त्यात आम्ही कुंडीला घालीत होतो ते बोअरचे जड, क्षारयुक्त पाणी. आईची जास्वंद त्याच गावच्या मातीत वाढली खरी. पण तिची मुळे हवी तेथे जाऊ शकत होती, आणि तिच्या बुंध्याशी गोठ्यातले शेण पडत होते. कुंडीतल्या रोपाला ना ती मोकळीक, ना ती शिदोरी.

हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, एक लिटर पाण्याला पाच ग्रॅम घेऊन त्यात थोडे लिंबू पिळले आणि संध्याकाळच्या वेळी पानांवर फवारले. काही दिवसांनी जे दिसले ते विसरता येत नाही. जेथे जेथे थेंब पडला होता तेथे तेथे पिवळ्या पानावर हिरवा ठिपका उमटला होता. फ्रान्समध्ये यूजेन नव्हे, युझेब ग्री नावाच्या गृहस्थाने 1843 च्या सुमारास हाच उपाय करून पिवळी पाने पुन्हा हिरवी केली होती. आमच्या खिडकीत ते नवल पावणेदोनशे वर्षे उशिरा पोहोचले, एवढेच. पुढे आम्ही मातीत शेणखत वाढविले आणि छतावरचे पावसाचे पाणी साठवून तेच कुंड्यांना घालू लागलो.

या निमित्ताने एक गोष्ट आम्हांस नव्याने कळली. पान पिवळे होते, असे आपण म्हणतो. वस्तुतः पिवळा रंग पानात पहिल्यापासून असतोच, हिरवा त्याला झाकून असतो. हिरवे ओसरले की झाकलेले पिवळे उघडे पडते. तेव्हा पिवळेपणा हा रोग नव्हे, ती केवळ बातमी आहे. आणि एकच बातमी अनेक घरांतून येऊ शकते. म्हणून पहिला प्रश्न 'काय घालू?' हा नसून 'कोठून सुरुवात झाली?' हा असावा. खालून की वरून? शिरा हिरव्या आहेत की सारे पान सारखेच फिकटले आहे? माती बोटाला ओली लागते की कोरडी? पानाच्या पाठीवर कोळ्याची बारीक जाळी आहे काय? कुंडीला ऊन मिळते काय? आणि खाली-वर या भेदाला कारण आहे. लोह एकदा पानात गेले की तेथून सहसा हलत नाही; ते कमी पडले की नवे पान उपाशी राहते. नत्राचे उलट आहे. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतील प्रथिने मोडून त्यांतले नत्र शेंड्याकडे पाठविते. शेंडा हिरवा राहतो आणि खालचे पान पिवळे पडते. ते पान आजारी नसते. त्याने दिलेले असते.

हे वाक्य वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, आणि त्याचे कारण जास्वंद नव्हती.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या सत्रात तिने लिहिलेला निबंध आम्ही इतरांना वाचून दाखविला होता. दिवाळीनंतर ती मागे पडू लागली. उशिरा येई, कधी येतच नसे, आली तर बाकावर डुलक्या घेई. आम्ही तिला आणखी पुस्तके दिली. त्याने सुधारणा होईना, तेव्हा जादा वेळ देऊन शिकविण्याची तयारी दाखविली. तीही तिने घेतली नाही, तेव्हा एके दिवशी सर्वांसमोर दोन कठोर शब्द बोललो. त्यानंतर ती आली नाही. दोन वर्षांनी कोणाकडून तरी कळले की, तिचे आईबाप ऊसतोडीला जात. आमच्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक कोयता म्हणतात, आणि ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आजीचे आणि तीन धाकट्या भावंडांचे सारे ही मुलगी करीत होती. ती तिन्ही भावंडे शाळेत जात होती, आणि त्यांतला एक तर पुढे चांगला शिकला.

आम्ही तिला काही विचारले नव्हते. तिला पुस्तकांची तहान आहे, एवढेच आम्ही धरून चाललो. कारण त्या वयात आम्हांस तीच होती. आमच्यापाशी तांब्या होता, म्हणून आम्ही पाणी घालीत राहिलो. हे पाणी दुष्टाव्याने घातलेले नव्हते, खरे आहे. पण सहा कुंड्यांतले पाणीही दुष्टाव्याने घातलेले नव्हते. कुंड्या पुन्हा भरता येतात, छाटकलमे पुन्हा लावता येतात. तिची क्षमा मागावयास जावे, तर ती आज कोठे आहे हेही आम्हांस ठाऊक नाही. हल्ली दिवाळीनंतर वर्गातले कोणी कोमेजलेले दिसले की आम्ही पुस्तक देण्यापूर्वी घरी कोण कोण आहे एवढे विचारतो. पुष्कळदा त्या उत्तरावर आमच्यापाशी उपाय नसतो. परंतु निदान नसते ते तरी घालीत नाही.

असो. तीन जास्वंदींपैकी एक आम्ही मामांना दिली, एक गावी नव्या घराच्या परसात, भिंतीपासून दूर, नेऊन लावली. तिसरी खिडकीत आहे. परवा तिच्या शेंड्याला पहिली कळी दिसली, आणि त्याच दिवशी अगदी तळचे एक पान पिवळे पडलेले दिसले. आमची मंडळी तांब्या घेऊन आली. आम्ही मातीत बोट घातले. ओल बेताची होती. पानाची पाठ पाहिली, स्वच्छ होती. वरची पाने शिरांसकट हिरवी होती. करावयाचे काही नव्हते. तिच्या हातातला तांब्या घेऊन आम्ही स्वयंपाकघरात परत ठेवून आलो.