उत्तराची वाट आणि दिल्लीचा उन्हाळा

आपल्यापैकी ज्यांनी दिल्ली पाहिली असेल, त्यांनी ती बहुधा हिवाळ्यात पाहिली असेल. प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे यावे, कोवळ्या उन्हात कुतुबमिनार आणि लाल किल्ला पाहावा, करोलबागेतून एखादी शाल घ्यावी आणि परतीची गाडी गाठावी, असा आपला रिवाज. ज्येष्ठातली दिल्ली पाहुण्यांसाठी नाहीच. ती नोकरदारांची दिल्ली. आणि नोकरीच्या अर्जाचे उत्तर येईल म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्यांचीही. मौज अशी की पुष्कळदा हे दोघे म्हणजे एकच मनुष्य असतो. सकाळी तो एका कचेरीत हजेरी लावतो आणि मनाने दुसऱ्या कचेरीच्या पायरीवर बसलेला असतो.

इंग्रजांनी या उन्हाळ्याशी सामना केलाच नाही. १८६४ पासून हिंदुस्थान सरकार उन्हाळा आला की फायली बांधून सिमल्यास जात असे; आरंभी कलकत्त्याहून, आणि १९११ साली राजधानी बदलण्याची घोषणा झाल्यानंतर दिल्लीहून. आज मंत्री आणि कारकून दोघेही उन्हाळा दिल्लीतच काढतात. गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद ही भोवतालची नगरे तर आता दिल्लीशी मेट्रोने अशी जोडली गेली आहेत की बिऱ्हाड एका राज्यात, कचेरी दुसऱ्या राज्यात आणि बाजारहाट तिसऱ्या राज्यात, असा संसार येथे नवलाचा राहिलेला नाही. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून येथे आलेली मुले त्या गाडीत रोज भेटतात. मराठी कानी पडली की मी मुद्दाम बोलतो. कुशल विचारून झाले, की दुसरे वाक्य बहुधा हेच असते : “एके ठिकाणी अर्ज केला आहे, काका. अजून काही कळले नाही.”

हे वाक्य मीही एक उन्हाळाभर म्हटलेले आहे, म्हणून त्याविषयी लिहिण्याचे धाडस करतो.

१९९६ साली मी दिल्लीतील एका कचेरीत होतो आणि बिऱ्हाड लोदी कॉलनीत होते. वडील साताऱ्यास एकटे राहत. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यांच्या जवळ जाता यावे म्हणून पुण्याकडच्या एका संस्थेत निघालेल्या जागेसाठी मी अर्ज केला. एप्रिलात मुलाखत झाली. “लवकरच कळवू,” असे तेथील गृहस्थ म्हणाले. लवकर म्हणजे केव्हा, हे विचारावयाचे धैर्य मला झाले नाही.

मे महिन्यात रानीखेत एक्स्प्रेसची तिकिटे काढलेली होती. ही गाडी रात्री दिल्लीहून निघून पहाटे काठगोदामास पोहोचते, आणि तेथून नैनिताल मोटारीने फार लांब नाही. मुलगी सहा वर्षांची. तिने आठवडाभर आधीच आपली पिशवी भरून ठेवली होती. परंतु मधेच बोलावणे आले तर? रजा शिल्लक हवी, पत्र घ्यावयास घरी कोणी हवे. मी तिकिटे परत केली. पुढे रविवारीसुद्धा आम्ही कोठे गेलो नाही. वाट पाहणाऱ्या माणसाला करमणूक करून घेण्याचा हक्क नाही, अशी काही तरी माझी समजूत झाली होती. मुलीने ती सुटी कूलरसमोर बसून चित्रे रंगविण्यात घालविली. त्यांतल्या एका चित्रात सरोवर होते आणि त्यात होडी होती.

त्या अवधीत मी दोन चुका केल्या. जे पत्र लिहावयास हवे होते ते लिहिले नाही. उगाच भुणभुण केली असे वाटेल, ही भीती. आणि जे करू नये ते केले : एका परिचितामार्फत तेथे शब्द टाकला. ऑगस्टात छापील कार्ड आले. जागा मे महिन्यातच भरली गेली होती.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातील कोणी अशा प्रतीक्षेत असेल, तर त्याला या अनुभवाचा उपयोग व्हावा. मुलाखत संपताना, उठण्यापूर्वी, “निर्णय साधारण केव्हापर्यंत समजेल?” असे विचारण्यात कसलाही आगाऊपणा नाही. उलट विचारणारा मनुष्य व्यवस्थित आहे, असेच समोरच्यास वाटते. दुसऱ्या दिवशी चार ओळींचे आभाराचे पत्र धाडावे. आजकाल ते ई-मेलने जाते, तरी मायना आणि सही यांना रजा देऊ नये. मग सांगितलेली तारीख उलटू द्यावी, वर आणखी एक आठवडा जाऊ द्यावा, आणि एक स्मरणपत्र लिहावे. त्यात पदाचे नाव, मुलाखतीची तारीख, आपली इच्छा कायम असल्याचा उल्लेख आणि आणखी काही कागदपत्रे हवीत काय, एवढी विचारणा पुरे. आपली अडचण, घरची परिस्थिती, आपल्यावर झालेला अन्याय यांना त्यात जागा नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुसरे पत्र लिहावयास हरकत नाही. तिसरे लिहू नये. तेथे मौन हेच उत्तर समजून दुसरीकडे अर्ज करावा. दुसरीकडे नोकरी मिळाली तर पहिल्या ठिकाणी तसे कळविणे मात्र राहून जाते. ते खचित कळवावे, कारण त्या जागेसाठीही कोणी तरी वाट पाहत असते.

एक गोष्ट विशेष जपावी. ही सारी लिखापढी आपल्या सध्याच्या कचेरीच्या वेळेत, तिच्या दूरध्वनीवरून किंवा तिच्या ई-मेलवरून करू नये. ज्याचे वेतन घेतो त्याचे काम आधी.

सरकारी जागांची रीत निराळी आहे. शाहजहान मार्गावरील धोलपूर हाऊसमध्ये संघ लोकसेवा आयोगाची कचेरी आहे. मुलाखतीच्या दिवसांत तिच्या फाटकापाशी कडक इस्त्रीचे कपडे घातलेली मुले आणि झाडाखाली थांबलेले त्यांचे पालक दिसतात. कोणत्याही प्रकारे वशिला लावणारा उमेदवार अपात्र ठरेल, ही ओळ सरकारी जाहिरातींत नेहमी असते, आणि ती शोभेची नसते. येथे स्मरणपत्राने निकाल लवकर लागत नाही. जाहिरातीचा क्रमांक आणि आपला नोंदणी क्रमांक जपून ठेवावा व निकालाची सूचना पाहत राहावे. फारच विलंब झाला तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. चौकशी आणि वशिला यांतला भेद मला त्या उन्हाळ्यात कळला असता तर बरे झाले असते.

आता दिल्लीकडे वळू. जूनच्या मध्यास येथे सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि सव्वासात वाजून गेल्यावर मावळतो. दुपार आपली नव्हे, ती लूची. त्या वेळी भिंतीआडच राहावे, हवामान खात्याचा इशारा असेल तर बाहेरची कामे सरळ पुढे ढकलावीत. परंतु कचेरीपूर्वीचे तीन तास आणि नंतरचे दीड-दोन तास यांवर कोणाचीही मालकी नाही. नोकरदाराचा उन्हाळा एवढाच आहे, आणि हिशेब केला तर तो लहान नाही. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ पासून शनिवार-रविवारची सुटी आहे, ती वेगळीच.

पहाटेचे लोदी उद्यान मी सर्वांत आधी सांगेन. १९३६ साली ते लेडी विलिंग्डन पार्क या नावाने उघडले. मधोमध सय्यद आणि लोदी सुलतानांच्या काळातील घुमट आहेत. पहाटे येथे फिरणाऱ्यांत सचिव असतो तसा शिपाईही असतो, आणि त्या वेळी कोण कोणाच्या हाताखाली आहे ते ओळखू येत नाही. झाडांत धनेश पक्षी ओरडतात. एवढ्या राजधानीच्या मध्यभागी ते दिसतात, याचे मला अजून नवल वाटते. उद्यानाला लागूनच इंडिया इंटरनॅशनल सेंटर आहे. १९६२ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या उभारणीत आपले चिंतामणराव देशमुख प्रमुख होते. मराठी माणसाने तेथून जाताना क्षणभर थांबावे.

मे महिन्यात अमृता शेरगिल मार्गावर बहावा फुलतो. त्याला येथे अमलतास म्हणतात. ज्या उन्हाने माणसे कोमेजतात, त्याच उन्हात ही पिवळी झुंबरे लटकतात. कॅनॉट प्लेसच्या परिसरात नोकरी असेल तर हेली मार्गाजवळची अग्रसेनाची बावडी पाहावी. जसजशा पायऱ्या खाली उतरतात, तसतसा शहराचा गलबला वर राहतो. संध्याकाळी सुंदर नर्सरीत डबा घेऊन जावे. २०१८ साली नव्याने खुली झालेली ही बाग हुमायूनच्या कबरीला लागूनच आहे, आणि मुलांना पळावयास तेथे ऐसपैस जागा आहे.

खाण्यापिण्यात तर हा ऋतू कंजूष नाहीच. बेलाचे सरबत, आपल्या पन्ह्याचे हिंग-जिरे घातलेले भावंड असे आमपन्ना, खरबुजे आणि थोडेच दिवस मिळणारे आंबटगोड फालसे. कूलर हे यंत्रही गमतीचे आहे. आपल्या माठाचाच तो मोठा भाऊ : ओल्या गवतातून वारा जातो, पाणी उडते आणि वारा निवतो. मात्र हवा कोरडी असेपर्यंतच त्याची मिजास. जूनच्या अखेरीस, साधारण सत्तावीस तारखेच्या सुमारास, मोसमी पाऊस दिल्लीत येतो, हवा दमट होते, आणि तोच कूलर नुसता ओला घोंघाट करू लागतो.

पुढच्या वर्षी, १९९७ च्या मार्चात, वडीलच आमच्याकडे राहावयास आले. त्यांना साडेचारला जाग येई. लोदी कॉलनीत चार वर्षे राहून मी ते उद्यान फाटकाबाहेरूनच पाहिले आहे, हे कळल्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्यांनी नातीला उठविले आणि तिच्याकरवी मला. “कचेरी नऊला आहे,” मी कुरकुरलो. “म्हणूनच तर,” ते म्हणाले. त्या उन्हाळ्यात पावसाच्या आधी आम्ही नैनितालही करून आलो; रजा अवघी दोन दिवसांची लागली.

माझा एक अर्ज त्याही वर्षी कोठे तरी पडलेला होता. सांगितलेली तारीख उलटल्यावर मी आठवडाभर थांबलो आणि पाच ओळींचे पत्र टाकले. दहा दिवसांत उत्तर आले. नकाराचे होते, पण सभ्य भाषेत होते. जूनचे शेवटचे दिवस होते. आज कर्तव्यपथ म्हणतात त्या राजपथावर दुतर्फा जांभळीची झाडे आहेत, आणि वर चढलेला मनुष्य फांद्या हलवी तेव्हा खाली चौघे जण चादर ताणून उभे राहत. ते पत्र खिशात तसेच ठेवून संध्याकाळी मी वडिलांना आणि मुलीला घेऊन तेथे गेलो. वडिलांनी भाव केला, मीठ लावलेल्या जांभळांचा पुडा घेतला, आणि मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्यास आपली जांभळी जीभ दाखवीत पुढे चालू लागली.