वरच्या मजल्याचं पाणी

३१ मार्च २०२४, कोन

बाथरूमच्या छताला पुन्हा ओल. पोपडे सुटलेत, कडेला मिठासारखा पांढरा थर धरलाय. वरच्या वहिनी म्हणतात, ‘आमची फरशी कोरडी ठणठणीत आहे.’ असणारच. पाणी फरशीच्या खाली साचलंय.

मिस्त्री म्हणाले, आधी चोर शोधा. ओल रात्रंदिवस सारखीच राहिली तर नळाच्या पाइपावर संशय. आंघोळी झाल्यावर वाढली तर नहाणी ट्रॅप किंवा फरशी. कालच्या रंगपंचमीचा उरलेला लाल रंग बादलीत कालवून वरच्या ट्रॅपमध्ये ओतला. संध्याकाळी आमच्या छताच्या कोपऱ्यात, वरचा पाइप भिंतीतून बाहेर पडतो त्याच्या बरोबर खाली, गुलाबी थेंब. वहिनींनी खाली येऊन स्वतः बोट लावून पाहिलं. वाद तिथेच मिटला.

२ एप्रिल

खर्च कुणाचा? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत हे सरळ लिहिलंय: पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने बघायची, संडास-सिंकची आतली गळती त्या सभासदाने. इमारत नवी असती तर रेराचं कलम १४ होतं. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला की बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा. आमची इमारत त्या मुदतीच्या केव्हाच पलीकडे गेलीय.

वरचे दादा पैशांबद्दल एका शब्दाने कुरकुरले नाहीत. अडचण वेगळीच. घरात बाथरूम एकच, आणि आजींना जिना चढउतार झेपत नाही. आमचं बाथरूम वापरा म्हटलं. आजी काम होईपर्यंत आमच्याकडेच राहतील.

४ एप्रिल

फोडकाम. टाइल्स निघाल्या, खालचा माल हाताने उचलावा इतका सुटा. संडास-बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खळग्यात विटांचे तुकडे भरतात. आमच्या डोक्यावर तो खळगा ओल्या चिखलाने भरलेला होता. ट्रॅप आणि पाइपाच्या सांध्यात नुसतं सिमेंट थापलेलं, त्याला आरपार भेग.

स्लॅबच्या एका कडेला लोखंड उघडं पडलंय. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने घासलं तर सळईचे पदरच निघाले. गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा घेतं आणि काँक्रीट आतून फोडतं. आपल्याकडे खाडी दाराशी. पलीकडे कल्याणचं रेतीबंदर. इथल्या जुन्या बांधकामांत खाडीची रेती सर्रास जायची. न धुतलेल्या रेतीत मीठ राहतं, त्यात वरून ओल मिळाली की सळई वेगाने सडते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. ती गळतीने पडली असं मी म्हणत नाही. पण त्याच भिवंडी तालुक्यात राहून छतावरच्या ओलीला ‘नुसता डाग’ म्हणणं मला पटत नाही.

७ एप्रिल

सळईला गंजरोधक लावून कड भरली. नवा ट्रॅप बसला. भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोल वाट काढली, कारण काटकोनातच भेग पडते. त्यावर दोन भागांचं, पावडर आणि द्रव मिसळून करायचं कोटिंग. पहिला हात आडवा. कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी दाबली. तो सुकल्यावर दुसरा हात उभा. शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या वरपर्यंत, बाकीकडे फूटभर.

९ एप्रिल, पाडवा

काम बंद. कोटिंग सुकतंय. वरची सगळी मंडळी पहाटेपासून आमच्याकडे आंघोळीला. आजींनी गुढीला कडुलिंब बांधला.

१० एप्रिल

ट्रॅपचं तोंड बंद करून खळग्यात पाणी तुंबवलं. भिंतीवर पेन्सिलची रेघ. दादांना घाई आहे, ‘एक रात्र पुरे की!’ मिस्त्री ऐकेनात: तीन दिवस. मला हा माणूस फार आवडला. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते, आणि पुढची दहा वर्षं खालचे-वरचे भांडत बसतात.

१३ एप्रिल

पाणी रेघेच्या किंचित खाली, उन्हाळ्यात उडतं तेवढंच. आमच्या छताला नवी ओल नाही. आता भराव, त्यावर पुन्हा कोटिंग, मग ट्रॅपकडे ढाळ देऊन टाइल्स, सांध्यांत इपॉक्सी.

३० एप्रिल

वर नवं बाथरूम सुरू झालं, आजी घरी गेल्या. आमचं छत अजून आतून दमट आहे, ते पूर्ण सुकल्याशिवाय प्लास्टर-रंग नाही.

बाथरूम दुरुस्तीला काढणाऱ्यांना एकच विनंती: टाइल्सचा रंग नंतर निवडा. मिस्त्री ठरवतानाच तीन दिवस पाणी तुंबवून ठेवायची अट कागदावर घाला, आणि त्या दिवसांत खालच्या घरात जाऊन छत पाहिल्याशिवाय एकही टाइल बसवू देऊ नका.