हत्यारांची घरे

कारागिराच्या मराठीत 'अवजार' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. सुतार, फिटर, गवंडी, चांभार सगळे 'हत्यार' म्हणतात. वर्तमानपत्री मराठीने हा शब्द दंगली-दरोड्यांच्या बातम्यांसाठी राखून ठेवला आणि पाठ्यपुस्तकांनी कारागिराच्या हाती 'अवजार' दिले. पण खंडेनवमीला पूजा होते ती हत्यारांचीच, आणि त्या दिवशी तलवार व करवत एकाच पाटावर मांडायला कोणाची हरकत नसते. या लेखात मी हत्यार हाच शब्द वापरणार आहे, कारण ज्यांच्या हत्यारांविषयी लिहितो आहे ते माझे वडील, अण्णा, दुसरा शब्द वापरत नाहीत. (वापरत नसत, असे लिहायची वेळ अजून आलेली नाही.)

दुसरा शब्द 'घर'. ड्रॉवरमध्ये प्रत्येक हत्यार आपापल्या जागी बसावे म्हणून लाकडाचे किंवा पाइपचे जे आधार करतात, त्यांना दुकानदार 'होल्डर' म्हणतो. मी बरेच दिवस मराठी शब्द शोधत होतो. कप्पा फार मोठा होतो. खाच आणि खोबण हे त्यातल्या त्यात जवळचे, पण त्यांच्यात एक विलक्षण फरक आहे. डोळे असतात तोवर आपण डोळ्यांच्या खोबणी म्हणतो; डोळे गेले की त्यांच्या 'खाचा' होतात. म्हणजे तीच जागा भरलेली असताना एक आणि रिकामी झाल्यावर दुसरी. भाषेला हे कळलेले असते, आपल्याला कोश चाळावा लागतो. अण्णांनी हा प्रश्न एका शब्दात सोडवला. चष्म्याचे घर असते, बटणाचे असते, सोंगटीचे असते, तसे पान्याचेही घर.

अण्णा गिरणगावातल्या एका गिरणीच्या रिंग खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते. संपानंतर पुन्हा गिरणीत जाणे झाले नाही. पुढची वीस वर्षे अंबरनाथच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये गेली. ते वर्कशॉप बंद झाले तेव्हा मालकाने शेवटच्या पगारातले काही पैसे रोख दिले आणि उरलेल्यांच्या बदल्यात पाच ड्रॉवरचे एक लोखंडी कपाट दिले. आमच्या डोंबिवलीच्या घरात, जिथे पुस्तकांनाच जागा नाही, तिथे ते कपाट गेली वीसहून अधिक वर्षे उभे आहे. आज अण्णा ८४ वर्षांचे आहेत, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले.

या आजारात नामे आधी जातात. हे मला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा भाषेचा शिक्षक म्हणून मी त्यात नको इतका रस घेतला. माणसांची नावे, वस्तूंची नावे जातात. क्रियापदे काही काळ टिकून राहतात. आणि हाताला जे येत असते ते बरेचदा सर्वांत उशिरा जाते. अण्णांना नातीचे नाव सांगता येत नाही, पण नळाचा वॉशर बदलताना आटे उलटे फिरवत नाहीत. मात्र पाना सापडला पाहिजे. तो सापडत नसे. दुपारी सगळे झोपले की ते पाचही ड्रॉवर फरशीवर उपडे करत आणि त्या ढिगासमोर बसून राहत. काय शोधता, असे विचारले की नाव आठवत नसे. धाकट्या भावाचे म्हणणे पडले की हे सगळे भंगारात द्यावे. एखादी पटाशी हाताला लागली म्हणजे काय करायचे? त्याचे म्हणणे चुकीचे नाही. मी त्याच्याकडून पावसाळा संपेपर्यंत मुदत मागून घेतली.

घरे करायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न साहित्याचा होता. हल्ली यासाठी दोन रंगांचा फोम मिळतो. वरचा थर काळा, खालचा पिवळा किंवा लाल. हत्याराच्या आकाराचा तुकडा वरच्या थरातून कापून काढायचा, म्हणजे हत्यार उचलले की खालचा रंग ओरडतो. विमानांच्या दुरुस्तीत ही पद्धत सक्तीची असल्यासारखी पाळतात, कारण तिथे विसरलेला स्क्रू ड्रायव्हर इंजिनात सापडू शकतो. कल्पना मला फार आवडली. पण आमच्याकडचा पावसाळा आणि स्पंज यांचे जमत नाही. फोम दमट हवा धरून ठेवतो आणि त्यात रुतलेले पोलाद खालच्या बाजूने गंजते. वरून पाहणाऱ्याला ते महिनाभर कळत नाही. शेवटी एका मोडक्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या घेतल्या, आणि प्रत्येक ड्रॉवरच्या कोपऱ्यात कापराची वडी ठेवली. कापूर हळूहळू उडतो आणि त्याचा पातळ थर धातूवर बसतो, ही यंत्रशाळांमधली जुनी युक्ती आहे. ड्रॉवर उघडला की देवघराचा वास येतो. माझ्या आईला तो पटत नाही.

पान्यांसाठी दोन समांतर पट्ट्या. दोन्हींत करवतीने खाचा पाडायच्या, पान्याच्या दांड्याच्या जाडीपेक्षा केसभर रुंद. पाना आडवा न निजता कडेवर उभा राहतो, आणि जिथे पाच मावत तिथे बारा मावतात. खाच थोडी तिरकी पाडली तर बोट घालायला जागा मिळते. हे मी चार वाक्यांत लिहिले; करायला दोन रविवार लागले. पकडी आणि हातोड्यांचे काही विशेष नाही, चार खुंट्या पुरल्या. पण कानशींचे काम मात्र नाजूक. कानशीचे दात कडक असतात, म्हणूनच ठिसूळ असतात. कानशी एकमेकींवर घासल्या की एकमेकींनाच खातात. त्यांना एकत्र टाकणे म्हणजे रोज थोडे थोडे बोथट करणे. पीव्हीसीचा पाइप उभा चिरून त्याची पन्हळी केली आणि प्रत्येक कानस वेगळी निजवली: सपाट, गोल, अर्धगोल, तिकोनी, चौकोनी. खरखरीत कानशीच्या एका जातीला इंग्रजीत 'बास्टर्ड' म्हणतात, आणि वर्कशॉपमधले सगळे लोक, अण्णांसारखे शिवी न देणारे लोकही, हा शब्द निर्मळ मनाने उच्चारतात. माझ्या भाषाविज्ञानाच्या तासाला हे उदाहरण चांगले चालते.

खरा पेच पान्यांच्या आकड्यांचा होता. अण्णांकडे पान्यांचे दोन संच आहेत. एक आजचा, मिलिमीटरमधला: ६×७, ८×९, १०×११ असा चढत जाणारा. दुसरा गिरणीतल्या काळचा: १/४, ५/१६, ३/८, ७/१६, १/२. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे जे प्रमाण मांडले, त्यातले हे पाने. लँकेशायरची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत आली ती आपले आटे घेऊनच आली, आणि भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारल्यानंतरही जुन्या साच्यांचे बोल्ट काही बदलले नाहीत. आता गंमत अशी की मिलिमीटरच्या पान्यावरचा आकडा त्याच्या तोंडाची रुंदी सांगतो. १० लिहिलेला पाना १० मिलिमीटरच्या नटाला बसतो. व्हिटवर्थचा आकडा मात्र पान्याविषयी बोलतच नाही, तो बोल्टाची जाडी सांगतो. ३/८ लिहिलेल्या पान्याचे तोंड मोजले तर ते जवळजवळ १८ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाला थोडे कमी भरते. एका संचातली नावे स्वतःची ओळख देतात, दुसऱ्यातली नावे ज्याच्यासाठी हत्यार घडले त्याची. मी पट्टीने मोजून खाचा पाडत होतो, म्हणून हे माझ्या ध्यानात आले. अण्णांना ते सांगायला गेलो तर त्यांनी पाना हातात घेतला, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बोल्टाचाच असतो रे आकडा. पान्याला कोण इचारतं?"

विटगेन्श्टाइनने शब्दांना हत्यारांच्या पेटीची उपमा दिली आहे, ती साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये ती येते. त्या पेटीत हातोडी, पक्कड, करवत, स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी, सरसाचे भांडे, सरस, खिळे आणि स्क्रू आहेत. मुद्दा असा की यांची कामे जितकी वेगवेगळी, तितकीच शब्दांचीही; छापलेले शब्द एकसारखे दिसतात म्हणून आपण फसतो. मी हे अनेक वर्षे शिकवत आलो. आता ड्रॉवर लावताना मात्र वाटते की त्याची पेटी ही ढीग आहे, आणि ढीग असणे त्याच्या युक्तिवादाला सोयीचे आहे. (सरसाचे भांडे आणि करवत एकाच पेटीत ठेवणाऱ्याला अण्णांनी दुसऱ्या दिवशी कामावर घेतले नसते. हा गृहस्थ १९०८ साली मँचेस्टरलाच अभियांत्रिकी शिकायला गेला होता, हे विशेष.) लावलेल्या ड्रॉवरमध्ये हत्याराला उपयोगाखेरीज आणखी एक अर्थ असतो, तो शेजाऱ्यांवरून ठरतो. अण्णांना '३/८' म्हणता येत नाही. पण ते रांगेवरून हात फिरवतात आणि तिसऱ्या घराशी थांबतात. एखादा पाना जागेवर नसला तर म्हणतात, "मधला गेलाय." नाव गेल्यावरही क्रम शिल्लक आहे. सोस्यूर वाचलेल्यांना हे सांगायला नको, पण अण्णांनी तो वाचलेला नाही.

मी खाचांखाली आकड्यांच्या चिठ्ठ्या छापून चिकटवायला घेतल्या, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "नावं कशाला चिकटवतोस? त्याला त्याचं घर कर. नाव त्याचं त्याला ठावं हाय." चिठ्ठ्या तरीही लावल्या, त्या मला लागतात.

अशा नीटनेटक्या पेट्यांपैकी एक फार प्रसिद्ध आहे. १७९६ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या जोसेफ सीटन यांनी आपला मुलगा बेंजामिन याच्यासाठी लंडनच्या एका व्यापाऱ्याकडून सुतारकामाच्या हत्यारांचा पूर्ण संच विकत घेतला. मुलाने त्यांच्यासाठी आपल्या हाताने पेटी केली, आत सरकते खण, प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली, आणि १७९७ मध्ये सगळ्याची यादी लिहून ठेवली. रॉचेस्टरच्या संग्रहालयात ती यादीसकट आहे, आणि अठराव्या शतकातली हत्यारे कशी होती हे सांगणारा तिच्याइतका चांगला पुरावा क्वचितच असेल. ती इतकी चांगली राहिली याचे मुख्य कारण म्हणजे त्या हत्यारांनी फारसे कामच केलेले नाही. छायाचित्रे सुरेख आहेत. मला ती पाहताना थोडे चोरट्यासारखे होते, कारण माझ्या मनातही असेच काहीतरी जपून ठेवण्याची इच्छा आहे, हे मी नाकारू शकत नाही. अण्णांच्या पटाशीचे पाते घासून घासून निम्मे उरले आहे. तिचे घर मी तिच्या आजच्या लांबीचे केले. मूळ लांबीचे केले असते तर ती आत खुळखुळली असती.

गिरणीच्या हत्यारखान्यात पितळी बिल्ल्यांची पद्धत होती. कामगाराने हत्यार नेले की त्याच्या नंबराचा बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्यावर लटकवायचा. खिळा कधी रिकामा राहत नसे. एक तर हत्यार, नाही तर माणूस. घरे तयार झाल्यावर अण्णांनी ही पद्धत न सांगता सुरू केली. मी स्क्रू ड्रायव्हर मागितला की ते हात पुढे करतात आणि काहीतरी दिल्याशिवाय ड्रॉवर उघडत नाहीत. मी खिशातला खडू देतो. शिक्षकाच्या खिशात तो असतोच. तो ते रिकाम्या घरात ठेवतात. एकदा परत आलो तर खडू जागेवर नव्हता. अण्णा खिडकीशी बसून तो एका कानशीवर घासत होते. दातांत खडू भरला की धातूचा कीस अडकून बसत नाही. हे मला माहीत नव्हते, आणि ते त्यांनी मला शब्दांत सांगितलेही नाही. कानस पुढे करून दाखवली.

पावसाळा संपला. धाकटा भाऊ दिवाळीत येऊन कपाट पाहून गेला. धारेची हत्यारे वरच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवावीत, एवढ्यावर सध्या तडजोड झाली आहे. किल्ली माझ्याकडे असते, अण्णा ती रोज मागतात, आणि बहुतेक दिवशी मी देतो. दुपारचे उपडे करणे थांबले. आता ते ड्रॉवर उघडतात, पाहतात, लावतात. काही दिवशी एखादा पाना दुसऱ्याच्या घरात असतो. आधी असे महिन्यातून एकदा होई, आता आठवड्यातून दोनदा होते. मी तो रात्री जागेवर ठेवतो.

चौथ्या ड्रॉवरला त्यांनी मला हात लावू दिलेला नाही. त्यात झिजलेले टॅप आहेत, मोडक्या कॅलिपरचा एक पाय, कॉटर पिना, रिंग फ्रेमवरचे नखाएवढे ट्रॅव्हलर, दोरा ओवलेले वॉशर, एक पितळी बिल्ला आणि कशाची तरी किल्ली. मी त्याचे माप दोनदा घेतले, पट्ट्याही कापून ठेवल्या. त्या दाराआड उभ्या आहेत. गेल्या रविवारी पुन्हा विचारले, तर अण्णांनी ड्रॉवर अर्धा उघडला, त्यातले वॉशर बोटाने थोडे बाजूला सारले आणि पुन्हा ढकलून दिला.

"राहू दे," म्हणाले. "ह्यांचं अजून ठरायचंय."